लाकूड विदर्भाचे, पाणी कोल्हापूरचे

राज्याच्या अर्थकारणात वनांचा वाटा किती, हा प्रश्न निघाला की हिशेब बहुधा सागाच्या घनफुटांवर येऊन थांबतो. तो हिशेब मुख्यत्वे विदर्भाचा असतो. बल्लारशाच्या आगारातील लिलाव आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाची सागवने ही त्यातील ठळक नावे. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग गेला. या जमाखर्चात कोल्हापूरचे नाव शोधूनच काढावे लागते.

ही नोंद खोटी नसली तरी अपुरी आहे. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी येथील जंगले भोगावती, दूधगंगा, कुंभी, कासारी या नद्यांची पाणलोट क्षेत्रे आहेत. शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले ते याच पाण्याच्या भरवशावर. आज त्यावर ऊस उभा आहे आणि उसावर कारखाने. साखरेचे उत्पन्न शेती आणि उद्योगाच्या खाती जमा होते, पाणी अडवून धरणाऱ्या डोंगराच्या खाती मात्र काहीच पडत नाही. १९५८ पासून अभयारण्य असलेल्या दाजीपूर-राधानगरीत कुऱ्हाड चालत नाही, म्हणून ते वन 'अनुत्पादक' ठरवणे हा हिशेबनिसाचा दोष म्हणावा लागेल.

मग कोल्हापूरच्या वखारींना लाकूड येते कोठून? बरेचसे खासगी मालकीच्या रानातून आणि शेताच्या बांधावरून. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना हीच दिशा दाखवली होती : कारखान्यांनी कच्चा माल सरकारी जंगलातून न घेता तो पिकवणाऱ्यांशी थेट संबंध जोडावा. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर जंगलतोडीवर आणि पुढे आरा गिरण्यांच्या परवान्यांवरही कडक नियंत्रण आले. साहजिकच बांधावरच्या झाडाचे मोल वाढायला हवे होते.

प्रत्यक्षात अनेकदा उभ्या झाडांचा उक्ता सौदा होतो. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार अनुसूचीतील झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी तोडायला परवानगी लागते. त्यात साग, ऐन, किंजळ आहेत, तसेच आंबा आणि फणसही. कागदपत्रे व हेलपाटे टाळण्यासाठी शेतकरी सारे ठेकेदारावर सोपवतो आणि भावाचा अधिकारही त्याच्याच हाती देतो. लाकडाचे माप घेणारा तोच, दर ठरवणाराही तोच. गुळाला सौद्याची पेठ आहे, भाजीला बाजार समिती आहे. डोंगरकपारीच्या शेतकऱ्याच्या लाकडाला मात्र तशी उघड बोली सहसा मिळत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांची बावड्याची जहागीर याच जिल्ह्यातली. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट दंडक आहे : रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. तीनशे वर्षांनंतर झाडाचे रक्षण कायद्यात राहिले, मालकाला राजी करणारे मोल तेवढे मागे पडले.

३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७ हजार ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित असून कोल्हापुरातील गावेही आहेत. मसुद्याचा रोख खाणी, दगडखाणी व प्रदूषणकारी उद्योगांवर आहे. तरीही डोंगरी गावांत पहिली विचारणा होते ती बांधावरचे झाड उद्या विकता येईल का, याचीच.