फोनची घुरघुर आणि सामायिक



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. संध्याकाळी मी घरीच सामायिकाला बसले होते. फोन सायलेंट करून शेजारच्या पाटावर ठेवला होता. मधेच तो घुरघुरला. मग पुन्हा, मग पुन्हा. मला वाटलं, मंडळाच्या ग्रुपवर उद्याच्या पूजेच्या साड्यांचा रंग ठरत असणार. उठले नाही, पण मन उठलंच. "कोण असेल?" हा प्रश्न णमोकाराच्या मण्यामण्याला येऊन बसला.

४८ मिनिटांनी पाहिलं तर ह्यांचे चार मिस्ड कॉल. फिरायला गेले असताना साखर कमी होऊन चक्कर आली, एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकानदाराने साखर घालून पाणी दिलं, रिक्षात बसवून घरी पाठवलं. सगळं निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मंदिरात सांगितलं तर एक काकू म्हणाल्या, "सामायिकात फोन हवाच कशाला? आमच्या सासूबाईंकडे कुठे होता?" खरंय. पण सासूबाईंच्या वेळी घरात चौदा माणसं होती. कुणाला काही झालं तर दहा जण धावायचे. आज माझा एक मुलगा पुण्याला, एक परदेशात, आणि घरात आम्ही दोघेच, त्यात एकाला मधुमेह. फोन बंद करायचा तर मन तिकडेच, चालू ठेवायचा तर प्रत्येक घुरघुरीला मन तिकडेच.

मी बीकॉम. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, रोजकीर्दीत सगळं तारखेप्रमाणे लिहायचं, मग खतावणीत ज्याचं त्याच्या खात्यावर. खतावणी नसेल तर कुणाचं देणं किती हे कळणार कसं? आपला फोन म्हणजे नुसती रोजकीर्द झालीय. बँकेचा मेसेज, साडीचा सेल, सुप्रभातचा फोटो आणि नवऱ्याची हाक, सगळ्यांची घुरघुर सारखीच.

सुनेने व्हिडिओ कॉलवर मला खतावणी घालून दिली. माझ्याकडे मुलाचा जुना आयफोन आहे. त्यात कॉन्टॅक्ट उघडून 'एडिट', मग 'रिंगटोन', तिथे 'हॅप्टिक्स' (जुन्या फोनवर 'व्हायब्रेशन') असं जायचं. नवीन पॅटर्न निवडून पडद्यावर बोटाने जसा ठेका द्याल तसाच फोन थरथरतो. ह्यांना मी दोन छोटे, एक लांब दिला. शेजारच्या वहिनी नळाला पाणी आलं की मिस्ड कॉल देतात, त्यांना एकच लांब. आपल्या शहरात पाण्याचा दिवस चुकला तर पुढे किती दिवस थांबावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. बाकी सगळ्यांसाठी मुख्य सेटिंगमध्ये 'काही नाही'. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये त्या माणसाच्या नावावर जाऊन छोटं, लांब किंवा बंद असं व्हायब्रेशन निवडता येतं. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून घरच्या मोजक्या नंबरांना मुभाही देता येते.

एक चूक मी आधी केली, तुम्ही करू नका. उत्साहात नऊ जणांना नऊ ठेके दिले. झालं काय, सामायिकात बसून मी ठेके मोजू लागले! हा नणंदेचा की बँकेचा? सामायिकाच्या अतिचारांत मनाचं भटकणं येतं, ते मी स्वतःच सेटिंगमध्ये भरून ठेवलं होतं. आता दोनच. माझ्या मते तीनपेक्षा जास्त नकोतच. आणि फोन लाकडी पाटावर ठेवा, ठेका स्पष्ट कळतो. गादीवर ठेवला तर सगळं एकच गुळगुळीत होतं. माझ्या आत्यांना ऐकू कमी येतं. त्या फोन हातातच धरतात, आणि लेकीचा ठेका तळव्याला बरोबर ओळखतात. त्यांच्यासाठी तर ही सोय चैनीची नाही.

काकूंशी माझा वाद नाही. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनी फोन बाहेरच्या खोलीत ठेवावा, तेच उत्तम. मंदिरात आणि प्रवचनात तर मीही तो बंदच ठेवते, तेव्हा ह्यांच्याजवळ कुणीतरी असेल असं पाहते. पण घरी एकटीने बसणाऱ्या बाईला "फोन फेकून दे" सांगून धर्म होत नाही. तिच्या मनातली धास्ती तशीच राहते, आणि धास्ती घेऊन समता येत नाही.

पॅटर्न लावणं पाच मिनिटांचं काम. अवघड होतं ते ठरवणं, की माझ्या ४८ मिनिटांत शिरण्याचा हक्क कुणाला आहे. शंभरावर नंबरांतून दोन उरले. बाकीच्यांवर माझा राग नाही, ते थांबू शकतात एवढंच.

परवा पुन्हा घुरघुर झाली. एकच लांब. पाणी आलं होतं. हे उठले, मोटार लावली. मी माळ पूर्ण केली.

तुम्ही कुणाकुणाला ठेका द्याल? जरूर कळवा.

जय जिनेंद्र.