विश्लेषण : जीव वाचवणारे स्टेरॉइड घातक कधी ठरते? पेशीतील ‘दाहाचा स्विच’ कसा चालतो?

करोनाच्या साथीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचवले. गरज नसताना दिले गेले तेव्हा मात्र तेच अंगलट आले. असे का झाले, याचे उत्तर पेशीतील एका ‘स्विच’मध्ये आहे.

स्विच कुठे असतो?

संसर्ग झाल्यावर येणारी सूज, ताप, वेदना म्हणजे दाह. तो घडवणारी अनेक जनुके एरवी जवळपास बंद असतात. ती चालू करणारे प्रमुख प्रथिन म्हणजे ‘एनएफ-कप्पा-बी’. रंजन सेन आणि नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधले. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर ‘आय-कप्पा-बी’ या दुसऱ्या प्रथिनाने अडकवून ठेवलेले असते.

चालू-बंद कसा होतो?

जंतूची चाहूल लागताच पेशी आय-कप्पा-बी नष्ट करते. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून डीएनएवर बसते आणि आयएल-६, टीएनएफ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने तयार होऊ लागतात. विशेष म्हणजे, त्याच वेळी ते आय-कप्पा-बीचे जनुकही चालू करते. नवे आय-कप्पा-बी त्याला केंद्रकाबाहेर काढते. म्हणजे स्विच चालू होतानाच ब्रेकही तयार होतो. गंभीर करोनात हा ब्रेक अपुरा पडतो आणि दाहामुळे फुप्फुसांचेच नुकसान होते.

स्टेरॉइड काय करते?

स्टेरॉइड पेशीतील रिसेप्टरला चिकटते. ही जोडी केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बीचे काम रोखते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा दिसला नाही. सुरुवातीच्या टप्प्यात दाह हा विषाणूविरुद्धच्या लढ्याचाच भाग असतो.

महाराष्ट्रासाठी धडा काय?

स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, काहींना डोळा गमवावा लागला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली. त्यामुळे साध्या ताप-खोकल्यासाठी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड घेणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ सुरू असलेले स्टेरॉइडही डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नये.