देवाल्याच्या उघड्या खाणी

वेलिंग्टनला पोस्टिंग असलेला फौजी सुट्टीच्या दिवशी उटीला जातो, फार तर मुदुमलैचे हत्ती पाहून येतो. माझे म्हणणे, एकदा त्याने उटीहून गुडलूरला उतरावे, देवाला-पंदलूर पाहावे आणि मग नाडुगाणीचा घाट उतरून निलांबूरला मुक्कामाला जावे. देवाल्याच्या बाजूचे पाणी खाली चालियार नदीला मिळते. या पाण्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात. पणिया आणि कुरुंबा लोक पिढ्यानपिढ्या ही वाळू धूत आले आहेत.

या सोन्यामागे आधी आला तो एक फौजीच. 1831 मध्ये मद्रास सरकारने लेफ्टनंट निकोलसनला शोधासाठी पाठवले. खरी धावपळ झाली ती मात्र 1879 नंतर. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातून आलेल्या ब्रॉ स्मिथ या तज्ज्ञाने आशादायक अहवाल दिला आणि लंडनमध्ये भराभर कंपन्या निघाल्या. कॉफीत तोटा सोसणाऱ्या मळेवाल्यांनी जमिनी चढ्या भावाने विकल्या. भागधारकांचा बराच पैसा दगड फुटण्याआधीच जमिनीत गेला. पंदलूरच्या डोंगरात गाव उभे राहिले, यंत्रे चढवली गेली. पण दळलेल्या दगडातून खर्च भरून निघेल इतके सोने काही निघाले नाही. तीन-चार वर्षांत सगळे आटोपले. कोलारला मात्र सोने लागले, म्हणून आपल्याला कोलार ठाऊक आहे, देवाला नाही.

ही हकीकत साहसकथा म्हणून रंगवून सांगण्याला माझा विरोध आहे, कारण ती संपलेली नाही. साहेब गेले, पण बोगदे राहिले. चहाच्या मळ्यांत आणि रानात अनेकांची तोंडे आजही उघडी आहेत. रात्री माणसे त्यांत उतरतात, दगड फोडून आणतात, कुटतात आणि पाऱ्याने सोने धरतात. पारा माणसाच्या फुप्फुसात जातो आणि नदीच्या पाण्यातही. माती ढासळून माणसे गेल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. मग छापा पडतो, तोंड बुजवले जाते आणि काही दिवसांनी पुन्हा उकरले जाते.

उतरतो कोण, हे पाहिले की कारण कळते. 1964 च्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर श्रीलंकेतून आलेली अनेक तमिळ कुटुंबे या डोंगरांत वसवली गेली आणि त्यांना काम देण्यासाठी सरकारी ‘टॅनटी’चे चहामळे उभे राहिले. मजूर निवृत्त झाला की मळ्यातली खोली सोडावी लागते. 1969 च्या जन्मम कायद्यातील कलम 17 खालच्या जमिनींचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे हजारो कुटुंबांच्या हाती पट्टा नाही. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही आणि मजुरीचा भरवसा नाही, त्याला दीडशे वर्षांपूर्वीचा बोगदा हीच रोजी वाटते. त्याला हावरट म्हणणे सोपे आहे. हाव लंडनच्या बाजारात होती, इथे आहे ती नड.

सुरुंग पेरलेली जागा कुंपण आणि फलकाशिवाय सोडायची नाही, हे आपल्याला रंगरूट असल्यापासून शिकवले जाते. इथेही निदान तेवढे व्हावे. प्रत्येक बोगद्याची नोंद करा, नकाशा करा, तोंडावर पक्के काँक्रीट घाला. पण त्याच्या जोडीला पट्ट्यांचा निकालही लावा. नुसते काँक्रीट पहारीने फुटते.

हे झाल्याशिवाय ‘सोन्याचे गाव’ म्हणून पर्यटकांना तिथे नेण्याची घाई नको. निलांबूरला नदीकाठी कॉनोलीने 1840 च्या दशकात लावलेले साग आहेत. ज्या नदीच्या सोन्याने चार वर्षांत कंपन्या बुडवल्या, तिच्याच काठी ही झाडे पावणेदोनशे वर्षे उभी आहेत. पाहायला जायचे तर आधी तिथे जा आणि वाटेत देवाल्याला थांबून कुणा मजुराला त्याच्या घराचा कागद आहे का, तेवढे विचारा.