पोरांनी मोजले, नावही पोरांचेच हवे!

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात एका मुलाचे नाव दाखल झाले. अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. त्या काळात त्या मुलाला वर्गात स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शाळेच्या नळाला हात लावता आला नाही. परंतु रजिस्टरातले नाव कोणाला पुसता आले नाही. नोंद राहिली, म्हणूनच सव्वाशे वर्षांनीही आपण ती जगाला दाखवू शकतो.

नोंदीचे हे मोल आम्हाला नुकतेच पुन्हा जाणवले. निमित्त झाले आमच्या संपर्कातल्या मुलांच्या एका विज्ञान प्रकल्पाचे. कराड तालुक्यातली एक वस्ती आणि सांगलीजवळची नदीकाठची एक वस्ती, अशा दोन ठिकाणची आठवी ते अकरावीतली सात मुले-मुली एकत्र आली आहेत. विषय पुराचा. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीच्या दारात येते. वरची मुले पाऊस मोजतात, खालची मुले पुराच्या खुणा मोजतात. आता त्यांना प्रकल्पाचे संकेतस्थळ तयार करायचे आहे. त्याचा आराखडा ठरविण्यासाठी एका रविवारी आमच्याकडे बैठक झाली.

बैठकीत पहिला तास कशावर गेला? रंग कोणता, पहिल्या पानावर फोटो कोणाचा, शुभेच्छा संदेश कोणत्या पुढाऱ्याचा! एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने तर मान्यवरांची सात-आठ नावे लिहूनच आणली होती. शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, "काका, ह्यात आमची नावं कुठं लिहायची?" सगळे गप्प झाले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

आधी हे पाहू की मुले मोजतात ते काय आणि त्याचे महत्त्व काय. सांगलीत पूर म्हटला की लोक आयर्विन पुलाजवळचे फूट सांगतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. हा आकडा सर्वांना पाठ आहे. पण पुलाजवळचा आकडा आमच्या वस्तीतल्या शेवटच्या घरात पाणी किती होते हे सांगत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्या अनेक ठिकाणी ओढ्याच्या नाहीतर नदीच्या अंगाला, सखल जागेत आहेत. तिथे पाणी आधी शिरते आणि उशिरा ओसरते. पंचनामा होईपर्यंत चिखल धुतला गेलेला असतो आणि भिंतीवरची पाण्याची रेघ पुढच्या रंगसफेदीत झाकून जाते. नुकसानभरपाईचे अर्ज घेऊन आमच्याकडे येणारी माणसे सांगतात, "वकीलसाहेब, छातीएवढं पाणी होतं." कागद मात्र वेगळेच बोलतो. पुरावा विचारला की माणूस भिंतीकडे बोट दाखवतो आणि भिंत कोरी असते.

या मुलांनी २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा घराघरांत शोधल्या. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली, समाजमंदिराची एक पायरी कायमची खूण म्हणून ठरवली आणि प्रत्येक घराची खूण त्या पायरीच्या मानाने किती वर, किती खाली हे सेंटिमीटरमध्ये लिहिले. यंत्र साधे, काम नेटके. यालाच विज्ञान म्हणतात.

आता प्रश्न नावाचा. काही वर्षांपूर्वी आम्ही एक प्रकार जवळून पाहिला आहे. एका शाळेतल्या मुलींनी विहिरींच्या पाण्याची तपासणी केली. ती संकेतस्थळावर आली तेव्हा अध्यक्षांचा फोटो होता, शिक्षकांचे नाव होते आणि खाली "विद्यार्थिनींच्या सहकार्याने" एवढी एक ओळ. दोन वर्षांनी ते स्थळ तयार करून देणारा तरुण नोकरीसाठी निघून गेला, नूतनीकरणाचे पैसे कोणी भरले नाहीत आणि सगळेच नाहीसे झाले. नावेही गेली, आकडेही गेले.

जगात हे काम कसे चालते? जीवशास्त्रातली 'आयजेम' ही विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००३ साली घेतलेल्या एका अभ्यासक्रमातून उभी राहिली. पुण्याच्या आयसर संस्थेच्या विद्यार्थ्यांचे संघही तिच्यात उतरले आहेत. तिथे प्रत्येक संघाला आपल्या प्रकल्पाचे संकेतस्थळ करावेच लागते आणि कोणते काम कोणी केले, बाहेरच्यांची मदत कुठे झाली, हे स्पष्ट लिहावे लागते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला 'स्वयम्' हा सुमारे १ किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. अशा कामाला अनेक वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलतात. आधीच्यांनी लिहून ठेवले नाही, तर नंतरच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्या वस्तीतल्या मुलांना हाच नियम लागू आहे. आज अकरावीत असलेली मुलगी दोन वर्षांनी कॉलेजसाठी बाहेर जाईल. पुढचा पूर येईल तेव्हा वही कोणाच्या हातात असेल?

म्हणून आम्ही मुलांपुढे काही गोष्टी मांडल्या. त्या इतरांनाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट नावाची. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार साधारणतः लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. कलम ५७ तर असे सांगते की हक्क दुसऱ्याला दिला तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. त्यासाठी वयाची अट नाही. नुसत्या आकड्यांवर कोणाची मालकी नसते; पण मुलांनी लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो, रेखाटलेले नकाशे मुलांचेच आहेत. तेव्हा कोणी पाऊस मोजला, कोणी नळी धरली, कोणी नकाशा काढला हे नावानिशी लिहावे. मार्गदर्शकांची नावे जरूर द्यावीत, पण 'मार्गदर्शन' या शब्दाखाली.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद केली आहे. नाव द्यायचे तर मुलाची इच्छा आणि आई-वडिलांची सही, दोन्ही हवे. फोन नंबर, घरचा पत्ता, शाळेत जायची वेळ यातले काहीही नको. घरमालकांची नावेही नकोत. घरांना प्रकल्पाचे स्वतंत्र क्रमांक द्यावेत.

तिसरी गोष्ट किल्लीची. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही. म्हणजे डोमेन कोणातरी मोठ्या माणसाच्या नावे घ्यावे लागेल. हा मोठा माणूस विश्वासू हवा आणि एकटा नको. प्रकल्पाचा स्वतंत्र ईमेल असावा, पासवर्ड दोन पालकांकडे बंद पाकिटात असावा. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीवर असते आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. नूतनीकरणाची तारीख समाजमंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवा, असे आम्ही गमतीने म्हटले. मुलांनी ती खरोखरच लिहिली!

चौथी गोष्ट भाषेची. मजकूर आधी मराठीत हवा, कारण ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना तो वाचता आला पाहिजे. टंकलेखन युनिकोडमध्ये करावे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याचे चित्र चिकटवले, तर शोधणाऱ्याला ते सहजी सापडत नाही. पाने हलकी असावीत. वस्तीत बहुतेकांचा संगणक म्हणजे हातातला मोबाइल.

पाचवी गोष्ट सर्वात महत्त्वाची, ती सचोटीची. आजीने सांगितलेली खूण आणि भिंतीवर दिसलेली खूण यांचे रकाने वेगळे ठेवावेत. तारीख, मोजणारा, किती वेळा मोजले, चूक कुठे झाली, सगळे लिहावे. चूक झाकली की पूर्ण वहीवरचा विश्वास उडतो. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. मुलांची नोंद सरकारी पंचनाम्याची जागा घेणार नाही, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. परंतु फेरपंचनाम्याच्या मागणीला ती बळ देऊ शकते.

बैठक संपताना एक मुलगा हळूच म्हणाला, "माझं नुसतं नाव लिहा, आडनाव नको." का, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. आम्ही एवढेच म्हणालो, की निर्णय तुझा आहे, तो कोणी बदलणार नाही. फक्त लाजेपोटी घेऊ नकोस. मग आम्ही त्याला साताऱ्याच्या त्या रजिस्टराबद्दल सांगितले. त्याने विचार करायला आठ दिवस मागितले आहेत. त्याच्या नावापुढची जागा आराखड्यात मोकळी ठेवली आहे.

समाजातल्या शिकलेल्यांना आमचे एकच सांगणे आहे. इंजिनिअर असाल, प्राध्यापक असाल, वकील असाल, तर महिन्यातला एक रविवार अशा मुलांना द्या. त्यांना नळी धरायला मदत करा, कायदा समजावून सांगा, डोमेनचे पैसे भरा. आणि पहिल्या पानावर आपला फोटो मागू नका!