मेंदूचा पाट तुंबतो तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात लोणखेडा शिवारातल्या एका पपईच्या प्लॉटवर मोझॅक रोग पाहायला गेलो होतो. बांधाला मजुरांची झोपडी होती. कुटुंब धडगावकडचं, कामासाठी खाली उतरलेलं. सात-आठ वर्षांचा पोरगा फुंकणीने चूल फुंकत होता. एकाएकी फुंकणी हातातून गळाली, उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. मी घाबरलो. आई मात्र शांत. म्हणाली, "साहेब, हे नेहमीचंच आहे. रडला का असंच होतं, थोड्या वेळानं बरं होतं. वाऱ्याचं आहे म्हणतात." आणि खरंच, दहा-पंधरा मिनिटांत पोरगा शेळीमागे धावू लागला.

ते वारं नव्हतं. पोराला सिकलसेल होता, तेवढं घरच्यांना ठाऊक होतं. पुढे मोठ्या दवाखान्यात मेंदूचा एमआरआय झाला तेव्हा दुसरं नाव कळलं, मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या कवटीत शिरल्यावर हळूहळू अरुंद होत जाण्याचा हा विकार. तो विरळा आहे. जपान, कोरियाकडे जास्त, आपल्याकडे कमी. मोठा रस्ता बंद होऊ लागला की शरीर बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार करतं. फोटोत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये हे नाव दिलं.

माझं शिक्षण शेतीच्या पदविकेचं. डॉक्टरकी मी करत नाही. पण पाण्याचं गणित शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुख्य पाट गाळाने भरला की पाणी बांधाखालून, उंदराच्या बिळातून वाट काढतं. त्यावर पीक कसंबसं तगतं, पण भर उन्हात कोमेजतं आणि कधी बीळ फुटून बांधच वाहून जातो. मेंदूचंही तसंच. लहान मुलांत बहुधा रक्त कमी पडून हात-पाय लुळा पडतो. मोठ्या माणसांत ते नाजूक जाळं फुटून रक्तस्राव होण्याचा धोका अधिक.

आता फुंकणीचा संबंध काय? जोरजोरात श्वास टाकला, रडलं, पिपाणी वाजवली, गरम भाकरीवर फुंकर मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. आधीच कमी असलेला पुरवठा आणखी तुटतो. ताप, जुलाब, उन्हात पाणी न पिणं, यांनीही तेच होतं. म्हणून रडल्यावर हात गळतो हे लाडाचं लक्षण नाही, ढोंग नाही, बाहेरची बाधाही नाही. ती पुढच्या मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना आहे.

अरुंद झालेली धमनी पुन्हा रुंद करणारं औषध आजही नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळीने गुठळीचा धोका कमी होतो, पण पाट उघडत नाही. मग डॉक्टर काय करतात? जे आपण करतो तेच, दुसरीकडून चारी काढतात. कानापुढे बोट ठेवलं की जी नाडी लागते ती टाळूची धमनी. कवटीला खिडकी पाडून ती आतल्या मेंदूच्या धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. १९६७ मध्ये ही जोडणी माणसावर प्रथम झाली. नळी जेमतेम एक मिलिमीटरची, टाक्याचा दोरा केसाहून बारीक. मुलांच्या रक्तवाहिन्या त्याहून नाजूक, म्हणून त्यांच्यात पुष्कळदा धमनी न जोडता मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवतात. कलम धरावं तसं काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या फुटून मेंदूत उतरतात.

याचा उपयोग होतो का, असं कोणीही विचारेल. जपानात मोयामोयामुळे रक्तस्राव झालेल्या ८० प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ४२ जणांपैकी ५ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला, न झालेल्या ३८ जणांपैकी १२ जणांना. धोका शस्त्रक्रियेतही आहे, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मेंदूचा जो भाग वाळला तो पुन्हा हिरवा होत नाही. शस्त्रक्रिया असते उरलेलं पीक वाचवण्यासाठी. म्हणूनच वेळेला एवढी किंमत.

आपल्या जिल्ह्याने हे मनावर का घ्यावं? कारण सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे आणि सिकलसेलच्या काही मुलांत मेंदूच्या धमन्या अशाच अरुंद होतात. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये झटक्याचं प्रमाण आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा कमी आढळतं, हे खरं. पण ज्या घरात ते घडतं तिथे कमी-जास्तीचा हिशेब कामाचा नाही. हा धोका आधी ओळखता येतो. कानाच्या वर, डोक्याबाहेरून ध्वनिलहरींचं यंत्र लावून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, भूल नाही. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसं अरुंद जागी रक्त वेगाने धावतं. अमेरिकेत असा वेग वाढलेल्या सिकलसेलच्या १३० मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांत एकालाच झटका आला, बाकीच्या ६७ मुलांत ११ जणांना. म्हणजे पुष्कळांना शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याआधीच सावरता येतं.

केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू केली. तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात, चांगलं काम आहे. पण कार्ड देऊन काम संपत नाही. माझं म्हणणं एवढंच, की सिकलसेलच्या २ ते १६ वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर वर्षातून एकदा या तपासणीची तारीख पडली पाहिजे. आशाताई, अंगणवाडीताई आणि आश्रमशाळेचे गुरुजी यांना "रडल्यावर हात लुळा पडतो का?" हा एक प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मेंदूचं ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचं काम, असं म्हणून घरी बसू नये. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला गाठावं.

त्या पोराची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर झटका आलेला नाही. पण दवाखान्याच्या फेऱ्यांत, "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या" हे ऐकण्यात तीन महिने गेले आणि त्यात एक झटका असा आला की तो ओसरलाच नाही. उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. तो आता डाव्या हाताने पाटी लिहायला शिकतो आहे.

पपईचं पान जरा वाकडं झालं की मला त्याच दिवशी शेतकऱ्याचा फोन येतो. तो यावाच, माझं कामच ते. पण त्याच बांधावर एका लेकराचा हात कितीदा तरी गळाला होता आणि कोणाला फोन करावा हे कोणालाच माहीत नव्हतं. वाचकांनो, तुमच्या शेतावर, शेजारी, शाळेत असं पोर दिसलं तर आई-बापाला हटकायला लाजू नका. त्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगा, आणि जमलं तर सोबत जा.