पक्ष सोडण्याची किंमत

महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ या लागोपाठच्या वर्षांत दोन पक्ष दुभंगताना पाहिले आणि दोन्ही वेळा बाहेर पडणाऱ्यांनी तत्त्वाचा हवाला दिला. तो खरा की खोटा, हा वाद तूर्त बाजूला ठेवला तरी बंडाची पारख करण्याची एक जुनी कसोटी उरतेच: बंडखोराने पदरचे काय गमावले?

ही कसोटी आधी विदर्भाच्या इतिहासाला लावून पाहू. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि पुढे सावनेर-काटोलसह या मुलुखात सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाचे मालक करून टाकले. कुळाची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट मात्र कायद्याच्या दारात ताटकळत राहिली. या मध्य प्रांताचा कारभार काही काळ पाहिलेले जॉर्ज कॅम्बेल १८६९ मध्ये आयर्लंडला गेले, तिथल्या जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि वहिवाटही एक हक्कच असतो हे हिंदुस्थानातल्या अनुभवाच्या आधारे इंग्लंडला समजावले. ग्लॅडस्टनच्या १८७०च्या आयरिश जमीन कायद्याला त्या मांडणीचे बळ मिळाले, ही गोष्ट नागपुरात आज क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

त्याच आयर्लंडात विक्लो परगण्यातला चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हा जमीनदार १८७९ मध्ये कुळांच्या लँड लीगचा अध्यक्ष झाला आणि १८८१ मध्ये तुरुंगात गेला. ज्या खंडावर आपले घर चालते, त्याच खंडाविरुद्ध त्याने चळवळ उभारली. आमच्या मालगुजारांतून पार्नेल निघाला नाही. १९१९च्या सुधारणांनी जमीनदारांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, पण जमिनीने दिलेली निश्चिंती बहुधा वर्गाच्या रक्षणातच खर्ची पडली, आणि अखेर १९५१ मध्ये मालगुजारी गेली ती कायद्याने.

स्वतंत्र बाण्याचा माणूस विदर्भाला मिळाला तो वकिलांतून. वणीत जन्मलेले, यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे अनुयायी. गांधींशी त्यांचे मतभेद होते, तरी जुलै १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले ते अणेच. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली, तेव्हा टीका झाली, आणि माझ्या मते ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींचे उपोषण सुरू असता होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी त्याच जागेचा राजीनामा दिला. ज्या नेत्याशी आयुष्यभर वाद घातला, त्याच्या प्राणांसाठी पद सोडणे, हे आजच्या हिशेबी राजकारणाला उमगणे कठीण आहे. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद भूषवलेला हा माणूस उतारवयात विदर्भ राज्याच्या मागणीसाठी पुन्हा मैदानात उतरला, आणि १९५९ व १९६२ मध्ये नागपूरने त्याला सत्ताधारी काँग्रेसविरुद्ध अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले.

१९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने या परंपरेला विचित्र वळण दिले. एकट्याने सदसद्विवेकाला स्मरून पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व धोक्यात येते. सुरुवातीला एक-तृतीयांशांच्या फुटीला सूट होती, ती २००३ मध्ये काढली, तरी दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मोकळीच राहिली. म्हणजे अण्यांसारख्या एकट्या माणसाला शिक्षा आणि जमावाला अभय. किंमत मोजणारे बंड अवघड झाले, किंमत वसूल करणारे सोपे.

तेव्हा उद्या सावनेरच्या बाजारपेठेत कुणी तत्त्वासाठी पक्ष सोडल्याचे सांगत मत मागायला आला, तर मतदारांनी त्याला एवढेच विचारावे: पक्षाबरोबर पदही सोडलेत का?