पेशीच्या आकृतीतला न विचारलेला प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, पेशीची आकृती तुम्ही सर्वांनी काढली आहे. मोठे वर्तुळ, मध्ये केंद्रक, त्याला बिलगून आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्या, इकडेतिकडे शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका आणि उजवीकडे पट्टीने ओढलेल्या रेषांच्या टोकाला नावे. नावे बरोबर असली, रेषा एकमेकींना छेदत नसल्या की पूर्ण गुण. शिक्षक या नात्याने मीही वर्षानुवर्षे असेच गुण देत आलो.

एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, इन्सुलिन स्वादुपिंडाच्या पेशीत तयार होते आणि रक्तात जाते. पण त्याच पेशीत बनलेली बाकीची प्रथिने आतच राहतात. मग बाहेर कोणी जायचे आणि आत कोणी राहायचे, हे ठरवते कोण?" मी म्हणालो, "हे परीक्षेला नाही, खाली बस." ते उत्तर मला अजून बोचते. कारण हाच प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत बसलेल्या एका माणसाला १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न किती अवघड आहे ते पाहा. पेशीतील जवळजवळ सर्व प्रथिने पेशीद्रवातील रायबोझोमांवर बनू लागतात. इन्सुलिनसाठी निराळा रायबोझोम आणि केंद्रकातील प्रथिनांसाठी निराळा, असे काही नसते. बनल्यानंतर मात्र कोणाला केंद्रकात, कोणाला तंतुकणिकेत, तर कोणाला पेशीबाहेर जायचे असते. वाटेत तेलकट पटले आडवी येतात आणि त्यांतून एवढा मोठा रेणू सहजासहजी पार होत नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सॅबातिनी यांनी १९७१ मध्ये एक तर्क मांडला. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असावा आणि तोच त्याला वाट दाखवत असावा. त्या वेळी हाती पुरावा जवळजवळ नव्हता. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये सीझर मिलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की प्रतिपिंडाची एक साखळी परीक्षानळीत बनवली तर ती पेशीतून बाहेर पडणाऱ्या साखळीपेक्षा थोडी लांब भरते. हा जास्तीचा तुकडा कसला?

१९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी परीक्षानळीत तीच साखळी बनवताना कुत्र्याच्या स्वादुपिंडातील आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे मिसळले. हे तुकडे मिटून त्यांच्या बारीक पिशव्या झालेल्या असतात. पिशव्या सुरुवातीपासून मिसळल्या तर साखळी नेमक्या लांबीची होई आणि पिशवीच्या आत सापडे. साखळी पूर्ण बनल्यावर पिशव्या घातल्या तर ती लांबच राही आणि बाहेरच राही! म्हणजे साखळी बनत असतानाच तिचे पहिले टोक ओळखले जाते, ती पटलातून आत सरकू लागते आणि वाट दाखवण्याचे काम संपले की ते टोक कापून टाकले जाते. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. (ब्लोबेल यांनी पारितोषिकाची बहुतेक रक्कम युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहरातील चर्च आणि सिनेगॉग यांच्या उभारणीला दिली. ती हकीकत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे.)

या टोकाला पुष्कळजण पिनकोडची उपमा देतात. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे हे संशोधन ऐन भरात असताना. उपमा चांगली आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. पिनकोड वाचायला पोस्टमन लागतो आणि त्याला अंक समजावे लागतात. पेशीत कोणालाच काही समजत नाही. त्या टोकाच्या मधल्या भागात पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले असतात, आणि एका विशिष्ट रेणूच्या खाचेत ती बसतात, एवढेच. हे सारे रसायनशास्त्र आहे. शिवाय हे पत्र लिहून पूर्ण होण्याआधीच टपालात पडते!

इतर ठिकाणांचे संकेत वेगळे असतात. काजवा ज्या विकरामुळे चमकतो ते विकर पेरॉक्सिझोम नावाच्या पेशीअंगकात राहते. मूळचे भारतीय असलेले सुरेश सुब्रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९८७ ते १९८९ या काळात दाखवले, की त्या विकराच्या शेवटची फक्त तीन अमिनो आम्ले, सेरीन, लायसीन आणि ल्युसीन, त्याला तेथे पोचवतात. पावसाळ्याच्या तोंडावर झाडावर काजवे दिसतील तेव्हा हे जरूर आठवा.

आता कोणी म्हणेल, हे सारे मनोरंजक आहे, पण शाळेत कशाला? एका आजाराचेच उदाहरण देतो. आपल्या यकृतातील पेरॉक्सिझोमांत एक विकर असते. ग्लायॉक्झिलेट नावाच्या पदार्थाचे ते ग्लायसीन बनवते. काही रुग्णांत या विकरात दोन ठिकाणी अमिनो आम्ले बदललेली असतात. त्यांतील अकराव्या स्थानावरच्या बदलामुळे पुढच्या टोकाला तंतुकणिकेकडे नेणारा संकेत तयार होतो आणि विकर तंतुकणिकेत जाऊन बसते. तेथेही ते काम करण्यास समर्थ असते. पण काम असते पेरॉक्सिझोमात! तेथील ग्लायॉक्झिलेटचे मग ऑक्झलेट होते, मूत्रपिंडात खडे साठतात आणि लहान वयातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. विकर आहे, ते धडधाकट आहे आणि तरीही रुग्ण आजारी आहे. नावे दिलेल्या आकृतीवरून हा आजार कधीच समजणार नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे की ती आकृती काढायला जरूर लावा, पण तेथे थांबू नका. एखाद्या भागाकडे बोट दाखवून विचारा, येथील प्रथिने कोठे बनली आणि येथवर कशी आली? माणसाच्या तंतुकणिकेतील अवघी १३ प्रथिने तिच्या स्वतःच्या जनुकांवरून तिच्यातच बनतात, बाकीची हजाराहून अधिक बाहेरून येतात. 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा हा एक प्रश्न विचारला तर मुले जास्त शिकतील असे मला वाटते. अभ्यासक्रम जड आहे, ही तक्रार मला मान्य आहे. पण या प्रश्नाला पाच मिनिटे लागतात आणि नवे नाव एकही पाठ करावे लागत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. मी तेवढेही केले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक हिशेब ठेवतो. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात असे तुम्ही वाचले असेल. पेशी मात्र सुरुवातीला ११० अमिनो आम्लांची साखळी बनवायला घेते. त्यांतील पहिली २४ म्हणजे वाट दाखवणारे टोक, ते कापले जाते. राहिली ८६. मग आणखी ३५ कोठे गेली आणि ती मुळात होती कशासाठी? तुमच्या शिक्षकांना विचारा.